झरा वर, कोरडं बोअर खाली: जावळीच्या डोंगराची उतरंड

मेढ्याच्या वरच्या अंगाला, केळघरच्या वाटेवरच्या एका गावातून तीन प्रश्न आलेत. पहिला असा: गावाच्या वर डोंगराच्या मध्यावर एक झरा आहे, तो वैशाखातही आटत नाही. त्याच झऱ्याच्या दोनशे फूट खाली, स्वतःच्या रानात, या शेतकऱ्यानं बोअर मारलं. तीनशे वीस फूट गेले आणि शेवटपर्यंत नुसती धूळ उडाली. डोंगर तोच, दगड तोच, मग पाणी गेलं कुठं? दुसरा प्रश्न त्यांच्या आठवीतल्या पुतण्याचा: सह्याद्री ज्वालामुखीपासून झाला म्हणतात, तर त्याचं तोंड कुठाय? तिसरा: झऱ्याशेजारी डोंगर थोडा कापून घर बांधायचं मनात आहे, पाण्याची सोय आयतीच होईल, बांधावं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. तिथं बांधू नका. कारण पुढं येईल.

सातारा जिल्ह्यात विहिरींच्या आणि बोअरच्या जागा बघत फिरण्यात माझी तीस वर्षं गेली. महाबळेश्वरच्या धुक्यात भिजलोय आणि दहिवडीच्या उन्हात भाजलोय. या काळात एवढं कळलं की पाणी, शेत, रस्ता, दरड आणि किल्ला हे आपल्याकडे वेगवेगळे विषय नाहीतच. डोंगराची उतरंड कशी रचलीय ते समजलं की सगळं एकाच धाग्यानं उलगडतं. म्हणून सुरुवात पुतण्याच्या प्रश्नापासून करतो. बोअर कोरडं का गेलं याचं उत्तर त्याच्या प्रश्नात आहे.

बाळा, तोंड सापडणार नाही. पुस्तकातल्या चित्रात शंकूसारखा डोंगर आणि वर भोक असतं, तसला ज्वालामुखी इथं नव्हता. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. हा लाव्हा पातळ होता. धिरड्याचं पीठ तव्यावर जसं आपोआप पसरतं, तसा तो मैलोन्मैल पसरला आणि थिजला. मग काही काळ शांतता. त्या काळात पाऊस पडला, थिजलेल्या थराचा वरचा भाग कुजला, त्याची तांबडी माती झाली. पुन्हा लाव्हा आला, त्यानं ती माती भाजून काढली आणि स्वतः तिच्यावर पसरला. हे एकदा-दोनदा झालं नाही, कितीतरी वेळा झालं. आज जे उरलंय तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. ट्रॅप या शब्दाचं मूळ उत्तर युरोपातल्या भाषांत सापडतं, अर्थ जिन्याची पायरी. नाव अगदी चपखल आहे, कारण आपले डोंगर लांबून जिन्यासारखेच दिसतात.

या थरांची जाडी किती? कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली गेली. त्यातल्या एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, लागला आणि तो संपल्यावर थेट जुना ग्रॅनाइटी खडक. मध्ये ना वाळूचा थर, ना गाळाचा. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तो उघड्या, कठीण, कितीतरी जुन्या जमिनीवर आला. आणि हे जमिनीखालचं झालं, वर डोंगरांत उभा आहे तो भाग वेगळाच. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढताना एक किलोमीटरहून जास्त उंचीची थरांची चळत आपण मोटारीत बसून तासाभरात पार करतो. जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या लेखांत या थरांच्या गटांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशीच आहेत. आपल्या एस.टी.च्या पाटीवरची नावं शास्त्राच्या कोष्टकात वाचताना मला अजूनही गंमत वाटते.

मग डोंगर कधी झाले? लाव्हा थांबल्यावर इथं एक अवाढव्य पठार होतं. त्याला नद्यांनी चिरलं. चिरून जे गेलं ती दरी आणि जे राहिलं तो डोंगर. पटत नसेल तर पुतण्याला घेऊन अजिंक्यताऱ्यावर जा. समोर यवतेश्वर, पलीकडे जरंडा, उत्तरेला चंदन-वंदन. बहुतेकांचे माथे सपाट आणि आडव्या रेघा तर एका डोंगरावरून दुसऱ्यावर पाणसळीनं जुळवल्यासारख्या. ही जुळणी एप्रिल-मे महिन्यांत, गवत वाळलं की सगळ्यात चांगली दिसते. वळ्या पडून वर आलेला हिमालय असता तर थर वाकडेतिकडे, उभे, उलटे दिसले असते. इथं ते जवळपास आडवे आहेत, दक्षिण-आग्नेयेला जेमतेम अर्धा-एक अंश कलते. डोळ्याला तो कल जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो.

आता एका थराच्या आत शिरू, कारण बोअरवाला तुम्हाला जे बोलला असेल ते इथलं आहे. लाव्हाचा एक थर सगळा सारखा नसतो. खालचा आणि मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट, काळा, वाजणारा. विहीरवाले त्याला पाषाण म्हणतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. पुढं त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरतात आणि दगड ठिपकेदार दिसू लागतो, तो मांजऱ्या. मांजऱ्या लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो. आणि दोन थरांच्या सांध्यावर ती भाजलेली तांबडी माती, तिला कुणी काव म्हणतं, कुणी गेरू. कमळगडावर जी गेरूची विहीर आहे ती बघितली असेल. पायऱ्या उतरून आत गेलं की उन्हाळ्यातही गार वाटतं आणि भिंतीला हात लावला की लाल होतो. किल्ला बघायला येणारे तिथं फोटो काढून जातात. ती विहीर म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या शांततेत उतरण्याचा जिनाच आहे हे कुणी त्यांना सांगत नाही.

पाण्याच्या बाबतीत या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. पाषाणाला भेगा असतील तर त्या भेगांतून पाणी जातं, नसतील तर तो पितळी परातीसारखा, थेंब खाली सोडत नाही. कुजलेला मांजऱ्या पाणी धरतो आणि देतोही. काव ओली झाली की फुगते आणि वाट बंद करते. तुमच्या डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचं कवच असणार, त्या बाजूच्या उंच पठारांवर ते आहेच. जांभा हा वेगळा आलेला दगड नव्हे. बसाल्टच लाखो पावसाळे भिजत आणि वाळत राहिला, त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागं राहिलं, की जांभा होतो. तो भोकाभोकांचा असतो, पावसाळाभर पाणी पितो आणि पुढचे आठ महिने हळूहळू खाली सोडतो.

तर तुमच्या झऱ्याची गोष्ट अशी. माथ्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून, मग मांजऱ्यातून, मग एखाद्या थराच्या भेगांतून खाली येत राहतं. वाटेत कुठं तरी काव किंवा बिनभेगांचा पाषाण लागतो. खाली जायची सोय नाही, मग ते थराच्या कलानं आडवं सरकतं. सरकता सरकता दरीनं जिथं तो थर कापलाय तिथं उघड्यावर येतं. तोच तुमचा झरा. आजूबाजूला बघा, त्याच उंचीवर डोंगराला वळसा घालून आणखी एक-दोन ओलसर जागा असतील. एखादा उंबर, जांभळांची रांग, उन्हाळ्यात हिरवा राहणारा पट्टा. जुन्या वाड्या पुष्कळदा अशाच एका उंचीवर डोंगराला कमरपट्ट्यासारख्या बसलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून येणारं पाणीही याच जातीचं. ते तुमच्या झऱ्याचं थोरलं भावंड समजा. जुन्या साताऱ्यातले हौद यवतेश्वर-महादऱ्याच्या बाजूच्या डोंगरातल्या पाण्यावर भरायचे आणि कासच्या तळ्याचं पाणी ब्रिटिश काळापासून उतारानंच शहरात येतंय. आपल्या लोकांना वरच्या पाण्याची जाण जुनी आहे, आपणच मशीन आल्यावर ती विसरलो.

आणि बोअर? बोअर सुरू झालं तेच त्या अडवणाऱ्या थराच्या खाली. तुमचं पाणी वरच बाहेर पडून ओढ्याला लागलं. खालच्या तीनशे वीस फुटांत जे थर आले त्यांनाही डोंगराच्या उतारावर बाजू उघडी आहे. त्यांच्यात जे थोडंफार मुरलं असेल ते त्याच वाटेनं झिरपून गेलं. डोंगराच्या पोटात उभं भोक मारणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकून पाण्याची वाट बघणं. आणखी शंभर फूट गेलो असतो तर लागलं असतं का, हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, सगळेच विचारतात. बसाल्टमध्ये खोल गेलं की पाणी वाढतं असा नियम नाही. उलट भेगा आणि कुजलेला भाग वरच्या थरांत जास्त असतो. फूट वाढत जातात तसं बिल नक्की वाढतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, मार खाऊन कळलंय. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी पूर्वेकडच्या कोरड्या माण तालुक्यात एका वस्तीला मी विहिरीची जागा दाखवली होती. उपकरणानं चांगलं दाखवलं होतं, मीही जोरात सांगितलं होतं. पस्तीस फूट खोदून झाल्यावर पाषाण लागला तो लागलाच. लोकांनी काही बोलून दाखवलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. खोदकामावर एक म्हातारे होते, आयुष्य विहिरीत गेलेलं. ते दुपारी भाकरी खाताना म्हणाले, "सायेब, तुमी जमिनीकडं बघितलं, वड्याकडं बघितलंच न्हाई. वड्याच्या त्या अंगाला मांजऱ्या उघडा पडलाय, ह्या अंगाला कुटं हाय?" मी गेलो, बघितलं. ओढ्याच्या काठावर सगळी उतरंड उघडी होती, कुणी तरी कापून ठेवल्यासारखी. तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की आधी ओढा चालतो, मग रान बघतो.

दरीकडे वळू. महाबळेश्वर हे एका अर्थानं पाण्याचं पाणलोट-शिखर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचा उगम तिथं मानतात. तिथून अरबी समुद्र जवळपास ६४ किलोमीटर. सावित्री तिकडं जाते, एका झेपेत कोकणात उतरते. कृष्णा मात्र तोंड फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. दोघींचा उगम एकाच डोंगरात आणि उताराचा फरक एवढा. म्हणून पश्चिमेची बाजू ताशीव कड्यांची आणि पूर्वेची बाजू लांबलचक सोंडांची. सावित्रीसारख्या नद्या उतार तीव्र असल्यानं मागं मागं खात येतात, कडा त्यांच्या मागोमाग पूर्वेकडं सरकत राहतो. ऑर्थरसीटवरून खाली बघताना पोटात गोळा येतो ना, तो कडा लाखो वर्षं आपल्या दिशेनं चालत आलाय.

वेण्णा तुमचीच नदी. लिंगमळ्याला उडी मारते, मेढ्याच्या खोऱ्यातून कण्हेरच्या धरणात येते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. ओढे-नद्यांना अशा उड्या का मारायला लागतात तेही उतरंडीतच आहे. कठीण थराच्या ओठावरून पाणी पडतं, खालचा मऊ थर पोखरला जातो, ओठ तुटतो, धबधबा एक पाऊल मागं जातो. भांबवलीचा वजराई टप्प्याटप्प्यानं पडतो, त्यातला एकेक टप्पा म्हणजे जिन्याची एकेक पायरी. पाचगणीच्या टेबललँडखालच्या गुहांचंही तसंच, वर जांभ्याचं झाकण टणक आणि खालचं भुसभुशीत वाहून गेलेलं. जाता जाता सांगतो, टेबललँड हे आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार असं तिथले घोडेवाले सांगतात, ते मनावर घेऊ नका. ते शंभर एकरांच्या आतबाहेर आहे. कासचं एकटं पठार त्याच्या कितीतरी पट मोठं भरेल.

कोयनेची चाल सगळ्यात विचित्र. महाबळेश्वरहून निघते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर सरळ दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर जाते. तिच्या आणि कृष्णेच्या मध्ये बामणोलीची रांग, तिच्यावरच कास. मग हेळवाकपाशी काटकोनात वळते आणि कराडला येऊन कृष्णेला समोरासमोर भिडते. प्रीतिसंगमावर दोन नद्या अशा आमनेसामने येताना बघितल्यात ना, तसं दृश्य क्वचितच. या वळणाच्या आधीच धरण आहे, १०३ मीटर उंच. आणि धरणाचं कौशल्य असं की पाणी पूर्वेला न सोडता डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला पाडलं. वर सांगितलेल्या उताराच्या फरकाची ही वीज आहे. महाराष्ट्र कितीतरी वर्षं त्या एका कड्यावर दिवे लावत आला.

कोयना म्हटलं की भूकंप निघतोच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का आमच्या घरात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कायम असायचा. अनेकांना वाटतं की ज्वालामुखीचा दगड म्हणून आत अजून काही तरी धगधगतंय. तसं नाही. आपला लाव्हा कधीच थंड झाला. भूकंपाची जागा बसाल्टच्या खाली, त्या जुन्या ग्रॅनाइटी खडकातल्या भेगांत आहे. आधीच ताणलेल्या भेगांत धरणाच्या पाण्याचा दाब पोचला आणि त्या सरकल्या, असं अभ्यासातून दिसतं. म्हणूनच तिथं तीन किलोमीटरपर्यंत छिद्र घेऊन खडकाची नाडी बघायचं काम झालं आणि त्यासाठी कराडला खास प्रयोगशाळा आहे. आता या विषयात जास्त शिरत नाही, मेढ्याच्या बोअरपासून लांब जाईन.

पावसाबद्दल मात्र थांबायलाच हवं, कारण एकच दगड दोन ठिकाणी दोन प्रकारे का वागतो ते त्याशिवाय कळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणी तिथून १९ किलोमीटर, तिथं जेमतेम एक तृतीयांश. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की आणखी निम्म्याहून कमी. आणि माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, तोही येईल त्या साली. ढग समुद्राकडून येतात, कड्याला धडकून वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात. पलीकडं उतरणारा वारा कोरडा. शंभर किलोमीटरच्या आत कोकणासारख्या पावसात भिजणारा माणूस आणि माणदेशातला माणूस एकाच कलेक्टरच्या हाताखाली येतात, ही साताऱ्याची खासियत.

शंभू महादेवाची रांग मुख्य सह्याद्रीपासून फुटून पूर्वेला जाते आणि शिखर शिंगणापूर तिच्यावरच आहे. तिथला बसाल्ट आणि तुमचा बसाल्ट एकाच घराण्यातला. पण तुमच्याकडं तो खोलवर कुजून तांबडा, जाड मातीचा झाला, भाताची खाचरं झाली. तिकडं वीतभर मुरूम, खाली उघडा पाषाण आणि बाजरी. याच रांगेच्या उत्तरेला पडलेला थेंब नीरेतून भीमेला जातो, दक्षिणेला पडलेला कुठं माणगंगेतून भीमेला, तर कुठं येरळेतून कृष्णेला. पुढं कर्नाटकात दोन्ही एकत्र येतात ते सोडा, पण मधल्या सगळ्या गावांची तहान त्या एका धारेवर ठरते.

यातून एक इशारा निघतो. माण-खटावमध्ये डोंगरउतारावर सलग समतल चर खोदून लोकांनी पाणी मुरवलं आणि विहिरींना पाझर आणला. ते बघून कुणीतरी उत्साहानं जावळी-पाटणच्या चढावर तेच करायला निघतं. करू नका. तिकडं पाणी कमी आहे म्हणून थांबवायचं. इकडं उतारावरच्या जाड मातीत चार महिने पाणी आधीच मावत नाही, त्यात चर म्हणजे मातीच्या ढिगाला खालून पाणी पाजणं. एका तालुक्याचं औषध दुसऱ्या तालुक्यात विष होतं ते असं.

आणि हीच तुमच्या घराची गोष्ट. २०२१ च्या जुलैत काय झालं ते तुमच्या घरातही आठवत असेल. महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस पडला, म्हणजे माणचा वर्षाचा पाऊस एका दिवसात. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. दरड म्हणजे कडा कोसळतो असं आपण समजतो. घरं गाडणारी दरड बहुतेक वेळा कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या माती-गोट्यांच्या ढिगाची असते. हा ढीग हजारो वर्षांत वरून पडून तयार झालेला, उतारावर कसाबसा तोल सांभाळून बसलेला. त्याच्या खाली काव किंवा चिकणमातीचा थर असेल तर अतिपावसात पाणी त्या थरावर अडतं, ढिगाला आतून उचलायला लागतं, आणि सगळं एकदम चालायला लागतं. त्याच्या पायथ्याला कुणी रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेलं असेल तर आधारच गेला.

आता तुमच्या झऱ्याकडं पुन्हा बघा. झरा तिथं आहे याचाच अर्थ पाणी अडवणारा थर तिथं आहे आणि वर पाणी धरलेला ढीग आहे. घर बांधायला याहून वाईट जागा शोधूनही सापडायची नाही. डोंगरात घर बांधायचंच तर सोंडेवर, जिथं पायाखाली उघडा दगड आहे तिथं. घळीत, ओघळीच्या तोंडाशी, किंवा कापलेल्या चढाला पाठ लावून नको. जुनी माणसं सोंडेवरच राहायची. रस्ता झाला, गाडी दारात आली पाहिजे म्हणून आपण खाली उतरलो.

आधीच उतारावर घर असलेल्या शेजाऱ्यांना एवढं सांगा. जमिनीला धनुष्यासारखी वाकडी भेग पडली, सरळ वाढलेली झाडं किंवा विजेचे खांब कलू लागले, दार-खिडकी अडकायला लागली, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा भर पावसात बंद पडला, तर भांडीकुंडी आवरत बसू नये. त्या रात्री दुसरीकडं झोपावं. यातलं झऱ्याचं लक्षण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पाणी अडलं म्हणजे आत साचतंय.

मग पाण्याचं काय करायचं? बोअर बुजवा, निदान तोंड पक्कं बंद करा, लहान मुलं असतात. दुसरं बोअर झऱ्याच्या वरच्या अंगाला तर अजिबात मारू नका. वर मारलेलं बोअर त्या अडवणाऱ्या थराला भोक पाडतं आणि झऱ्याचं पाणी कुठल्या तरी खालच्या भेगेत निघून जातं. मग बोअरलाही नीट पाणी नाही आणि झराही गेला, असं झालेलं मी बघितलंय. भावकीत वैर मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतं.

तुमच्याकडं पाणी आहेच, ते मोजलेलं नाही एवढंच. दहा लिटरची बादली घ्या, झऱ्याला मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून पडेल असं करा, आणि बादली किती सेकंदांत भरते ते मोबाइलच्या घड्याळावर बघा. चाळीस सेकंद लागले तर सेकंदाला पाव लिटर. कमी वाटतं ना? दिवसरात्र धरून ते २१,६०० लिटर होतात. माणशी ५५ लिटर धरले तर जवळपास चारशे माणसांचं पाणी. झरा रात्रीही वाहतो हे आपण विसरतो, म्हणून टाकी लागते. झऱ्याच्या तोंडाशी खणाखणी करू नका, सुरुंग तर लावूच नका. थर हलला तर पाणी दुसऱ्या वाटेनं जाईल. तोंडापाशी दगड-वाळूची गाळणी, तिच्यापुढं बंदिस्त छोटी टाकी, वर झाकण, चारी बाजूंनी पावसाचं पाणी वळवणारी चरी आणि तिथून पाइप. दोनशे फुटांचा उतार तुमच्याकडं फुकट आहे, मोटरही लागणार नाही. उतार जास्त असल्यानं खाली पाइपात दाब येईल, म्हणून मध्ये दाब मोडायला एक उघडी टाकी ठेवा.

शेतीलाही पाणी हवंच असेल तर खोऱ्याच्या तळाला, ओढ्याच्या काठी, जिथं माती-मुरुमाची जाडी आहे तिथं उघडी विहीर बघा. तीस-चाळीस फुटांत मांजऱ्या लागला तर बरं. आपल्या दगडात रुंद विहीर बोअरपेक्षा शहाणी, कारण पाझर चहूबाजूंनी थोडा थोडा येतो आणि त्याला साठायला जागा लागते. लिंबची बारामोटेची विहीर बघितलीय ना? शंभर फुटांहून खोल, पन्नास फूट रुंद, एका वेळी बारा मोटा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी ती जागा निवडली त्यांच्याकडं कुठलं उपकरण नव्हतं. ती बघायला गेलात तर आतली कमान बघून झाल्यावर पाणी कुठल्या उंचीवरून झिरपतंय तेही बघा.

माथ्यावरच्या पठाराचंही थोडं बघा. झरा तुमच्या गावात असला तरी त्याचं पाणी वर पिकतं, आणि वरची जमीन बहुधा दुसऱ्याच गावाची असते. तिथं जांभा खणून न्यायला सुरुवात झाली, किंवा रिसॉर्टसाठी सपाटीकरण झालं, तर परिणाम तुम्हाला चार-पाच वर्षांनी वैशाखात दिसेल. तेव्हा कुणाला जाब विचारणार? ग्रामसभेत हा विषय आत्ताच काढा आणि बादलीचं माप लिहिलेली वही बरोबर न्या. नुसतं "पाणी कमी झालं" म्हटलं तर कुणी ऐकत नाही, तारखांसकट आकडे असले की ऐकतात.

पुतण्याला एक काम द्या. मे महिन्यात पसरणी घाटात जा, गाडी सुरक्षित बाजूला लावा आणि रस्ता कापताना उघडी पडलेली भिंत बघत चाला. काळ्या दगडांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसेल. त्याचा नखाएवढा तुकडा घेऊन जिभेच्या टोकाला लावायला सांगा. चिकटला तर ती काव. आम्ही सगळे भूवैज्ञानिक हे करतो, लोक हसतात, हसू द्या. मग गावात येऊन झऱ्यापाशी तसाच पट्टा शोधायला सांगा. सापडला तर झऱ्याच्या वर आहे की खाली ते लिहून ठेवा, उंची मोबाइलवर कळेल.

बादलीचं पहिलं माप दसऱ्याच्या सुमारास घ्या, मग दर पंधरवड्याला एक, पुढचा पाऊस लागेपर्यंत. ती वही आणि तो कावेचा पट्टा कुठं लागला ते मला पाठवा. टाकी किती लिटरची बांधायची ते त्यावरून सांगतो.